एक जूनची मुलं

ओकेलो,

यंदा सहा जानेवारीला तुझा निरोप आला नाही, तेव्हा मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं त्या दिवशी सकाळी फोनवर न चुकता तुझी ओळ यायची, "मिरच्या पसरल्या का? वाढदिवसाच्या शुभेच्छा, भिकन." मी उत्तरादाखल एक अंगठा पाठवायचो. यंदा दुपार टळली तरी काही आलं नाही, आणि मी बायकोला म्हणालो, "झाला एकदाचा मोठा माणूस. विसरला." म्हणताना माझा चेहरा चक्क खुलला होता, असं ती नंतर म्हणाली. तुझ्याविरुद्ध तक्रार करायला मला आजवर काही सापडत नव्हतं, ते त्या दिवशी सापडलं होतं.

चार दिवसांनी कंपालाहून तुझ्या विद्यार्थिनीची मेल आली. तू तीन तारखेलाच गेला होतास. सकाळी शिकवायला निघालास आणि जिन्यातच बसलास, एवढंच तिने लिहिलं होतं.

मेलसोबत तुझ्या कामाची दोन पानी माहिती जोडलेली होती. ती उघडल्यावर मी काय केलं ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला काय झालं होतं, मागे कोण आहे, यातलं काही वाचायच्या आधी मी तुझ्या सायटेशनचा आकडा शोधला. तुला हे समजवायची गरज नाही, पण आमच्याकडचं कुणी हे वाचेल म्हणून सांगतो: आपल्या लेखाचा आधार घेऊन दुसऱ्या कुणी स्वतःच्या लेखात त्याचा उल्लेख केला की ते एक सायटेशन. संशोधकांची उंची त्यावर मोजतात. दिवाळीत मी पाहिला होता त्याहून तुझा आकडा वाढलेला होता. हो, मी पाहायचो. दर दोन-तीन महिन्यांनी, खोलीत कुणी नसताना. तुझा आकडा वाचायला मला स्वल्पविराम मोजावे लागायचे. माझा एका हाताच्या बोटांवर मावायचा आणि बोटं उरायची.

तुझ्या स्मरणार्थ विद्यापीठ अंक काढतंय, त्यासाठी माझ्याकडे अर्धं पान मागितलंय. "तुम्ही त्यांचे भारतातले सर्वांत जुने सहकारी," असं ती पोरगी लिहिते. मी तीन दिवस इंग्रजीत बसून पाहिलं. 'थोर शास्त्रज्ञ', 'दिलदार मित्र' असे शब्द कागदावर आले, आणि ते खोटे नव्हते, तरी माझे वाटेनात. म्हणून आता मराठीत लिहितोय. ही भाषा तुला वाचता येत नव्हती, त्यामुळे मन मोकळं करायला बरी.

तू आमच्याकडे आलास तो माझा पेपर वाचून. ही गोष्ट मी पहिल्या दिवसापासून छातीवर बिल्ल्यासारखी मिरवली. सातपुड्यातल्या मुलांच्या सिकलसेलवर मी धडगावात सरकारी डॉक्टर असताना एकच पेपर लिहिला होता. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, मूल रात्रंदिवस रडतं. हे दुखणं इथल्या मुलांत पहिल्यांदा कोणत्या वयात डोकं वर काढतं, ते मी मांडलं होतं. तो पेपर आमच्या जिल्ह्यात कुणी वाचला नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आणि तिकडे युगांडाच्या उत्तरेला, जिथे घरोघर हाच आजार, तिथला एक डॉक्टर तो वाचून सुरतला उतरला आणि बसने विसरवाडीपर्यंत आला.

मला यायला उशीर झाला होता. तू फाट्यावर ताटकळत असशील, लोक टकामका बघत असतील, मी जाऊन सोडवीन, असं मनात चित्र होतं. तू भज्यांच्या टपरीवर बाकड्यावर बसला होतास आणि एका ट्रकवाल्याला फोनमध्ये आपल्या गाई दाखवत होतास. तो तुला त्याच्या म्हशी दाखवत होता. मी पुढे झालो तर टपरीवाला मलाच विचारतो, "साहेब, तुम्ही यास्नासंगे शेतस का?" तिथून सुरू झालं ते. माझ्याच जिल्ह्यात मी तुझ्याबरोबरचा माणूस झालो.

दुसऱ्या दिवशी आपण घाट चढून आश्रमशाळेत गेलो. माझ्या पेपरमधली बरीच मुलं तिथलीच होती. मुख्याध्यापकांनी दाखल्यांची वही काढून दिली, आणि तू जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेलास, मी वाचून दाखवत गेलो. एक जून. एक जून. एक जून. पान उलटलंस. एक जून. तू मान वर करून आमच्याकडे पाहिलंस आणि हसायला लागलास. थांबेचनास. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून पुसलास, पुन्हा वही पाहून पुन्हा हसलास.

आम्हीही हसलो. आमच्याकडे पोराला शाळेत घालताना जन्माचा दाखला नसला की मास्तर एक जून लिहितो. शाळा जूनमध्ये उघडते आणि मूल सहा वर्षांचं पूर्ण दिसावं लागतं, म्हणून सहा वर्षं मागे जाऊन एक जून. मग ते पोर चारचं असो की आठचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी रनाळ्याच्या पाटलाचा मुलगा, माझाही कागदावर एक जूनच आहे; त्यामुळेच मी एकतीस मेला निवृत्त झालो, आणि त्या दिवशी जिल्ह्यात कितीतरी मास्तरांचे निरोप समारंभ असल्यामुळे हार मिळेना.

तुझं ते हसणं मी पुढे वर्षानुवर्षं खपवलं. डॉक्टरांची बैठक असो, लग्न असो, मी सांगायचो, "एवढा शिकलेला माणूस, परदेशी डिग्र्या, आणि त्याला वाटलं, आख्खी आश्रमशाळा एका दिवशी जन्मली!" लोक हसायचे. तुझं नाव कुठे आलं आणि कुणी भारावून बोलायला लागलं की मी हा किस्सा काढायचो. हमखास लागू पडायचा.

त्याच आठवड्यात मी तुला रनाळ्याला नेलं. आईने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी टाकली होती, सोबत ठेचा. तिला वाटलं, पाव्हण्याला झेपणार नाही. तू भाकरीचा वास घेतलास आणि म्हणालास, ज्वारी आहे ना, आमच्याकडेही हीच. तिसरी भाकरी घेताना तू माझ्याकडे पाहिलंस, तर आई म्हणाली, "त्याना तोंडकडे काय देखस? खाय ना भाऊ, लाजू नको." मला ती इतक्या आग्रहाने शेवटची कधी म्हणाली होती ते आठवेना.

जेवण झाल्यावर तू तुझ्या नावाचा अर्थ सांगितलास. ओकेलो म्हणजे जुळ्यांच्या पाठीवर झालेला. आईला ते फार आवडलं. तिने लगेच माझंही सांगून टाकलं: आधीची दोन गेली, मग देवाकडे पदर पसरून मागितलेला, म्हणून भिकन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत या नावावरून मी किती मार दिला आणि खाल्ला आहे ते तुला काय माहीत? माझ्या पेपरवर नाव आहे 'बी. पाटील'. तू मात्र खूश होऊन म्हणालास, "म्हणजे आपल्या दोघांच्या नावात आपल्या आधीचं घर आहे." आणि तू तुझं ते नाव प्रत्येक पेपरवर अख्खं लिहायचास. मला त्याचाही राग यायचा.

मग तू आईला विचारलंस, भिकन कधी जन्मला? मी म्हणालो, एक जून. आईने मला झटकलं. "ते मास्तरनं शे. मन्हा भिकन मिरचीन्या पथाऱ्या पडेल व्हत्यात तधय जनमना. संक्रातले आठ दिन बाकी व्हतात." मी भाषांतर केलं: मिरच्या वाळत पसरल्या होत्या तेव्हा, संक्रांतीला आठ दिवस असताना. तू बोटांवर मोजून वहीत लिहिलंस, सहा जानेवारी. माझ्या पन्नाशीच्या आसपास मला माझा वाढदिवस कळला, आणि तोही तुझ्याकडून.

तुझी सगळी विद्या याच एका प्रश्नात होती. पुढे तीन हिवाळे तू येत राहिलास, आणि पाड्यापाड्यावर जाऊन आयांना एवढंच विचारत राहिलास. भाषेला आपल्या मदतीला गुलीबाई होती, तिथली आशाताई, चौथी शिकलेली. खरं तर तिनेच तुला वाट दाखवली. तू पहिल्या दिवशी शाळेतली यादी काढलीस, तर ती म्हणाली, "सायेब, कागदाला नको विचारू. आईला विचार." मग तुम्ही दोघांनी अंगणात बसून वर्षाची माळ ओवली. होळीआधी भरतो तो भोंगऱ्या बाजार, होळी, मोहाची फुलं पडतात ते दिवस, आंबे, भगर कापणी. साल ठरवायला धरणामुळे नर्मदेचं पाणी कुठल्या वर्षी कुठल्या शेतापर्यंत चढलं ते. आई म्हणायची, होळी झाली होती, मोह वेचायचा होता, मी टोपली घेऊन निघाले आणि पोटात कळ आली. तू मूल कधीचं ते पंधरा दिवसांच्या आत सांगायचास.

मी शेजारी उभा असायचो. यातलं मला सगळं माहीत होतं, ओकेलो. भोंगऱ्या कधी भरतो, भगर कधी कापतात, हे मी तिथे नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. पण माझ्या मनात आलं नव्हतं की हे संशोधन आहे. तुझ्या आलं. याला काय म्हणायचं? हुशारी म्हटलं तर मला त्रास होतो, नशीब म्हटलं तर ते खोटं आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात तू सगळी वयं जुळवून माझ्यासमोर ठेवलीस. धडगावच्या त्या खोलीत, दुपारी, टेबलावर माझा पेपर एका बाजूला आणि तुझे कागद दुसऱ्या बाजूला. मी लिहिलं होतं, दुखणं सहा-सातच्या पुढे डोकं वर काढतं. ते सहा-सात मास्तरने लिहिलेले होते. मुलं त्याहून पुष्कळ लहान होती; आयांच्या सांगण्यावरून जुळवलं तर दुखणं कडेवरच्या वयातच सुरू झालेलं दिसत होतं. मी सगळ्या जिल्ह्याला एक जूनवरून हसवत होतो, आणि पेपर लिहायला बसलो तेव्हा तोच एक जून उचलून ठेवून दिला होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ते असं.

आणि हे नुसतं कागदावर राहिलं नव्हतं. माझ्याच पेपरावर विसंबून मी माझ्या शिबिरांत पहिलीपासूनची मुलं तपासायचो. कडेवरची, अंगणवाडीतली रडणारी पोरं मी घरी परत पाठवायचो, मोठी झाली की आणा म्हणून.

तू आवाज चढवला नाहीस. तू म्हणालास, नवा पेपर आपण तिघे मिळून लिहू, तुझं नाव दुसरं घालू. पण त्याआधी तू तुझ्या जुन्या पेपरचं शुद्धिपत्र पाठव.

मी म्हणालो, "तीन जणांनी वाचलेल्या पेपरचं शुद्धिपत्र?"

तू म्हणालास, "त्या तिघांतला एक मी होतो."

मला तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, तुला मोठं व्हायचंय म्हणून तुला माझी चूक हवी आहे. मी म्हणालो, हे कसलं संशोधन, हे तर आमच्या गुलीबाईलाही माहीत आहे. तू म्हणालास, "म्हणूनच तिचं नाव घालतोय." मी म्हणालो, मग माझं नको. तू पुष्कळ समजावलंस. चूक तुझ्या इज्जतीसाठी नको सुधारूस, तू म्हणालास, पण उद्या कुणी दुसऱ्या डोंगरातला तुझा पेपर वाचेल आणि लहान मुलांना परत पाठवेल. मी खिडकीतून जीप बघत बसलो. शिबिरात मी त्यानंतर कडेवरची मुलंही तपासायला लागलो, तेवढा माणूस माझ्यात होता. शुद्धिपत्र मात्र पाठवलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पुढचं जगाला माहीत आहे. जिथे जिथे मुलांच्या वयाचे कागद खोटे किंवा कागदच नाहीत, तिथे तिथे तुझी ती रीत गेली. सिकलसेलवाले वापरतात, कुपोषणवाले वापरतात, लसवाले वापरतात. तुला सभांना बोलावणी येऊ लागली. तू व्यासपीठावर 'धडगाव' म्हणायचास, जरा चुकीचा 'ड' काढून, आणि पडद्यावर मोहाच्या फुलांचा फोटो यायचा. तो फोटो मी काढलेला आहे. तू खाली माझं नाव लिहायचास, अख्खं, भिकन पाटील. त्यात तक्रारीला जागा नव्हती, आणि माझ्या पोटात दुखायचं थांबत नव्हतं.

त्या नव्या पेपरवर शेवटी दोनच नावं. तुझं आणि गुलीबाईचं. तिने पहिलं पान लॅमिनेट करून पत्र्याच्या पेटीत ठेवलंय, लग्नातल्या साडीखाली. मी एकदा म्हणालो, गुलीबाई, तुला कळतं का, तुला जगात किती लोकांनी मानलंय? ती म्हणाली, "मला काय माहीत सायेब, मी त्याला आयांच्या घरी नेलं फक्त." मी वैद्यकीय पदवी घेतलेला माणूस, आणि त्या संध्याकाळी परत येताना घाटभर मी एका आशाताईवर जळत होतो. हात दाखवून अवलक्षण मीच केलं होतं, हे कळत असूनही.

नंतर मी इकडेतिकडे चार ओळी लिहिल्या, जिल्ह्याचे अहवाल, एक-दोन टिपणं. विषय असा की तुझा उल्लेख टाळणं अवघडच. मी टाळला. वाक्यं वाकडी करून, परिच्छेद गाळून टाळला. आयुष्यात मी तुला एकदाही सायटेशन दिलं नाही. तुझ्या त्या एवढ्या मोठ्या आकड्यात माझं एक नाही, याचा मला आसुरी आनंद व्हायचा. तुला ते कळलं असेल का? तू कधी विचारलं नाहीस. तू मिरच्यांचं विचारायचास.

तू गेल्याचं आईला सांगायला मी रनाळ्याला गेलो. तिला आता कमी ऐकू येतं, मी मोठ्याने सांगितलं. ती पदराने डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, "कितला वर्सना व्हता?"

मी खिशातून कागद काढला आणि सांगितलं, सत्तावन्न.

"ते कागदवरनं झायं," ती म्हणाली. "त्यानी माय काय सांगे?"

मी पुन्हा कागद पाहिला. सायटेशनच्या घाईत ती ओळ माझ्या नजरेतून गेलीच नव्हती. जन्म, एक जानेवारी.

मी कागद घडी करून खिशात ठेवला. रात्री घरी येऊन शोधलं, तर तुमच्याकडे, आणि तुमच्याकडेच काय, जगात कितीतरी ठिकाणी, दाखला नसला की एक जानेवारी लिहितात. कुठल्याशा मिशनच्या शाळेत तुझीही तारीख कुण्या मास्तराने अशीच लिहून टाकली असणार. त्या दिवशी आश्रमशाळेत तू जे हसलास, ते एखाद्याला गर्दीत गाववाला भेटावा तसं हसलास. तुला सगळं कळलं होतं, बोट पहिल्या दोन ओळींवर असतानाच. न कळलेला मी होतो. आणि ती गोष्ट मी तुझा अडाणीपणा म्हणून लग्नांमध्ये सांगत फिरलो. तुझ्यासमोरही एकदा सांगितली, आठवतं? नंदुरबारला, जेवताना. तूही सगळ्यांबरोबर हसलास आणि मला खोटं पाडलं नाहीस.

का नाही सांगितलंस रे? एका वाक्याचं काम होतं. की तू वाट पाहत होतास, मी विचारेन म्हणून?

आई तेवढ्यावर थांबली नव्हती. "इतला वरीस त्यानी तुन्हा जनम याद ठेवा, आनि तू एकदाव इचारं नही?" नाही विचारलं, आई. जगभर आयांना हाच प्रश्न विचारत फिरणाऱ्या माणसाला तो प्रश्न मी उलटा विचारला नाही. माझं सगळं लक्ष त्याच्या आकड्याकडे होतं.

मी तुझ्या विद्यार्थिनीला लिहिलं. अर्ध्या पानाचं काही नाही, एवढंच, की सरांचा खरा जन्म कधीचा, घरात कुणाला माहीत आहे का? तिला प्रश्न विचित्र वाटला असेल. पण तुझीच विद्यार्थिनी ती; गावी फोन लावून तुझ्या थोरल्या बहिणीला विचारलं. जुळ्यांतली एक. आई गेली, दुसरी जुळी गेली, ती एकटीच राहिली आहे. ती म्हणाली, आमची आई सांगायची, तीळ कापून अंगणात वाळत उभे केले होते, आणि शेंगा फुटायच्या आत झोडपायचे म्हणून घाई चालली होती, तेव्हा हा झाला.

मी ते आईला सांगितलं. तिने मनातल्या मनात काहीतरी मोजलं. "म्हंजे हिवाळानाच," ती म्हणाली. "मंग तुन्हा जोडीनाच व्हता."

तुझ्यावर लिहायचं म्हणून, आणि सवयीने, मी परवा पुन्हा आकडे उघडले. आधी तुझा. मग माझा. माझा एकने वाढला होता. मी खुर्चीतून उठलो, ओकेलो. तू जाऊन महिना झाला नाही आणि मी माझ्या चौथ्या सायटेशनसाठी खोलीत दोन फेऱ्या मारल्या, बायकोला हाक मारणार होतो. मग तो लेख उघडला. दुसऱ्या एका राज्यातल्या डोंगरातली डॉक्टर मंडळी आहेत, आपल्यासारखीच, मनापासून काम करणारी. त्यांनी लिहिलंय की तपासणी पहिलीच्या वयापासून सुरू केली तरी चालेल, कारण दुखणं त्याआधी सहसा दिसत नाही. आणि त्या वाक्याच्या शेवटी, आधार म्हणून, बी. पाटील.

तुझे शब्द होते. उद्या कुणी दुसऱ्या डोंगरातला. तिथे कुठल्याशा अंगणात कडेवरचं मूल घेऊन उभी असलेली बाई परत जात असेल, मोठं झालं की आणा हे ऐकून, आणि ते सांगणाऱ्याच्या तोंडून मी बोलत असेन.

त्या लेखावर पहिलं नाव असलेल्या डॉक्टर बाईला मी त्याच दिवशी फोन केला. पंधरा मिनिटं तिने माझं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, सर, हे तुम्ही छापलं का नाही? मी म्हणालो, छापतो.

शुद्धिपत्र आज सकाळी पाठवलं. एका पानाचं आहे. मुलांची वयं शाळेच्या नोंदीवरून घेतली होती, ती चुकीची होती, निष्कर्ष मागे घेतो, तपासणी तान्ह्यांपासून व्हावी. खाली सही भिकन पाटील, अख्खी. आभारात गुलीबाई. आणि वयं कशी काढायची याला आधार म्हणून तुझा पेपर द्यावाच लागला, दुसरं जगात काही नाहीच. मी खूप वेळ पर्याय शोधला, अगदी सवयीने. मग तुझं नाव टाइप केलं.

ते छापून येईल तेव्हा तुझा आकडा एकने वाढेल. मी उघडून बघणार आहे. गेल्यावरही तुझं वाढणं थांबत नाही, आणि मला अजून पोटात दुखतं. पण हे एक मी दिलेलं आहे, ओकेलो. इतक्या वर्षांत तू माझ्याकडून मागितलं होतंस ते फक्त शुद्धिपत्र.

रनाळ्याला मिरच्या पसरल्यात. तुमच्याकडचे तीळ झोडपून झाले असतील.